गुण कुणाचे?

मराठीत 'गुण' हा शब्द दोन कामं करतो. माणसाच्या अंगचा चांगुलपणा म्हणजे गुण, आणि परीक्षेच्या कागदावरचा आकडा म्हणजेही गुण. दोन वेगळ्या गोष्टी एकाच गोणीत भरल्यावर गफलत व्हायचीच. पोराला गुण कमी पडले असं कानावर आलं की ऐकणाऱ्याच्या मनात हळूच उतरतं, पोरातच गुण कमी. पोराच्याही मनात उतरतं. ते कुणी तोंडानं बोलत नाही, म्हणून ते जास्त खोल जातं.

दोस्तहो, हा शब्द आपल्याला नवा नाही. गीतेनं चातुर्वर्ण्याला जो टेकू दिला तो गुण आणि कर्म याच दोन शब्दांचा. जन्मानं नव्हे, गुणानं वर्ण ठरतो, असं सांगणारे सुधारक बाबासाहेबांच्या काळात पुष्कळ होते. 1936 च्या 'जातिसंस्थेचे निर्मूलन' या भाषणात बाबासाहेबांनी त्यांना धरलं. गुणावरच समाज उभा करायचा असेल तर माणसावर ब्राह्मण-शूद्र या जुन्या पाट्या कशाला चिकटवता, असा त्यांचा सवाल होता. त्या सवालाला अजून सरळ उत्तर आलेलं नाही. फक्त पाट्या बदलल्या. आता पाटीवर टक्के असतात.

म्हणून आज एक प्रश्न मांडतो. दिसायला तो घरगुती आहे, पण आत नीतीचा आहे. कमी पडलेले गुण वाढवण्यासाठी आपल्या पोरानं पुन्हा परीक्षेला बसावं का? बसावं तर कुणाच्या जिवावर? आणि गुण वाढले, तर ते कुणाचे?

मी जळकोटचा. लातूरला डाळमिलमध्ये कामाला आहे. दहावीनंतर शाळा सुटली. पुढचं जे काय वाचलं ते तुरीच्या कट्ट्यांवर बसून, रातपाळीत, मशीन बंद असताना. म्हणजे या प्रश्नाकडं मी पास झालेल्याच्या बाजूनं बघत नाही, आणि नापास झालेल्याच्या रडगाण्यातूनही बघत नाही. मी बघतो कामगाराच्या बाजूनं. एखादी वस्तू तयार होते तेव्हा तिच्यात कुणाकुणाचे तास गेले, हे कामगाराला लवकर दिसतं.

प्रश्न उभा राहिला तो माझ्या चुलत्याच्या घरात. पोरगा बारावी सायन्सला होता. जेईईत त्याला आमच्या वस्तीत कधी कुणाला पडले नव्हते एवढे पर्सेंटाइल पडले. बारावीला मात्र 58 टक्के. आता नियम असा की एनआयटी किंवा आयआयटीत जायचं तर जेईईबरोबर बारावीलाही 75 टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींच्या पोरांना 65; नाहीतर आपल्या मंडळात वरच्या 20 पर्सेंटाइलमध्ये असावं लागतं. कोरोनाच्या काळात ही अट उठवली होती, 2023 पासून ती पुन्हा आली. पोरगा दारापर्यंत गेला आणि उंबऱ्यावर अडला.

रस्ता एक आहे. आपल्या राज्य मंडळाची श्रेणीसुधार योजना आहे. पास झालेल्या पोराला सगळे विषय घेऊन पुन्हा बसता येतं, गुण वाढले तर नवी गुणपत्रिका घेता येते. पण जेईईचा स्कोअर त्या वर्षापुरताच चालतो. म्हणजे दोन्ही परीक्षा पुन्हा. म्हणजे एक अख्खं वर्ष.

चुलती म्हणाली, "पास झालाय न्हवं? मग पुन्ना कायला बसायचं? पास झालेलं पोरगं पुन्ना परीक्षेला बसलं तर लोक का म्हंतेल?"

आमचा एक कार्यकर्ता दोस्त आहे, भाषणाचा पक्का. तो म्हणाला, "ही मोजपट्टीच त्यांची. तिच्यावर आपली उंची मोजून घ्यायला दुसऱ्यांदा कशाला जायचं? थुंका तिच्यावर."

आणि लातूरला शिकवणी घेणारे एक मास्तर म्हणाले, "एक वर्ष घास. पोरगं सोनं होऊन निघंल."

या तिन्ही बोलण्यांत थोडं थोडं खरं आहे. पण तिन्ही माणसं एक गोष्ट गृहीत धरून बोलतात. तो आकडा पोराचा स्वतःचा आहे, त्याच्या अंगातून निघालेला आहे, असं. चुलतीला त्याची लाज वाटते, दोस्ताला राग येतो, मास्तराला तो घासून चकचकीत करायचा आहे. आकडा नेमका काय मोजतो, हे कुणीच विचारत नाही.

आमच्या मिलमध्ये तुरीची प्रतवारी चाळणीवर होते. भोकापेक्षा दाणा मोठा असला तर वर राहतो, बारीक असला तर खाली पडतो. वरच्या मालाला भाव जास्त. चाळणी खोटं बोलत नाही, दाण्याचा आकार ती बरोबर सांगते. पण हा दाणा विहिरीच्या पाण्यावरचा का बालाघाटाच्या मुरमाड रानातल्या कोरडवाहू तुकड्यावरचा, हे तिला ठाऊक नसतं. तिला ते विचारायचंही नसतं. बारीक दाण्याची डाळ शिजत नाही असंही नाही. चाळणीवर राग धरण्यात अर्थ नाही. राग यावा तो चाळणीचा निकाल म्हणजे तुरीचा स्वभाव, असं सांगणाऱ्या व्यापाऱ्याचा.

परीक्षा काय मोजते, याची कबुली परीक्षा घेणाऱ्यांनीच देऊन ठेवली आहे. 2024 ची नीट आठवा. काही केंद्रांवर परीक्षेची मिनिटं वाया गेली. म्हणून परीक्षा घेणाऱ्या राष्ट्रीय संस्थेनं 1563 पोरांना भरपाईचे गुण दिले. गेलेल्या वेळेच्या बदल्यात गुण! पुढं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, ते वाढीव गुण रद्द झाले, आणि त्या पोरांना 23 जूनला पुन्हा परीक्षेला बसायची मुभा मिळाली. देशभर गदारोळ झाला. पेपरफुटी, अटका, आणि त्यात आमच्या लातूरचंही नाव आलं. पण त्या गोंधळात एक मोठी गोष्ट कुणी नीट वाचली नाही. सरकारी संस्थेनं कागदावर मान्य केलं होतं की वेळ गेला की गुण जातात, आणि वेळ गेला असेल तर त्याची भरपाई देणं हा न्याय आहे.

आता हाच न्याय जरा मागं न्या. परीक्षेच्या खोलीत गेलेली वीस-पंचवीस मिनिटं मोजली. जळकोट तालुक्यातल्या तांड्या-वस्त्यांवरून दिवाळीच्या सुमाराला जी पोरं आईबापाबरोबर ऊसतोडीला जातात, त्यांचे सहा-सहा महिने कोणत्या कागदावर मोजले? म्हाताऱ्या आजीपाशी ठेवलेली पोरं स्वतः भाकरी थापून शाळेला जातात, ते तास कुठं मोजले? माझ्या चुलत्याचा पोरगा अकरावी-बारावीची दोन वर्षं असाच मागं राहिला होता. त्याची गेलेली वर्षं मांडायला केंद्रप्रमुख नव्हता, की वकील नव्हता.

श्रेणीसुधार योजना तरी काय सांगते? तोच पोरगा, तेच डोकं, तोच अभ्यासक्रम. यंदा 58, पुढच्या वर्षी समजा 72. एका वर्षात त्याच्या अंगचा चांगुलपणा चौदा टक्क्यांनी वाढला काय? वाढला तो त्याच्या हाती आलेला वेळ. एकाच माणसाला दोन आकडे देता येतात, असं मंडळच सांगतं. मग त्या आकड्याला माणसाची किंमत कसं म्हणायचं?

इथं एक गोष्ट साफ बोलून घेतो, नाहीतर आपलेच लोक गैरसमज करून घेतील. ज्ञान खोटं आहे असं मी म्हणत नाही. पूल बांधणाऱ्याला वजनाचं गणित आलंच पाहिजे, डॉक्टरला नाडी कळलीच पाहिजे. आमच्या मिलमध्येसुद्धा पट्टा कधी थांबवायचा हे न कळणारा माणूस हात गमावून बसतो. येणं आणि न येणं यांत फरक आहे. पण येणाऱ्यांची रांग लावून पहिला, हजारावा, लाखावा असे नंबर टाकायचे आणि त्या नंबराला लायकी म्हणायचं, ही वेगळी गोष्ट झाली. मायकेल यंग नावाच्या इंग्रज समाजशास्त्रज्ञानं 1958 साली 'मेरिटोक्रसी' हा शब्द पुस्तकाच्या नावात घातला, तो टिंगल म्हणून. गुणवंतांचं राज्य आलं तर वरचा माणूस किती माजेल आणि खालचा किती खचेल, हे त्याला दाखवायचं होतं. जगानं टिंगल विसरून शब्द तेवढा उचलला.

आता बौद्धांच्या वाटेनं थोडं जाऊ. बाबासाहेबांनी 1950 साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, कॉलेज काढलं. निजामाच्या राज्यात शिक्षणाचा दुष्काळ सोसलेल्या मराठवाड्यासाठी काढलं. पुढं त्या कॉलेजाचं नाव मिलिंद झालं. मिलिंद म्हणजे भिक्खू नागसेनाला प्रश्न विचारणारा राजा. नागसेनानं त्याला रथाचा दाखला दिला. चाक म्हणजे रथ का? नाही. आस म्हणजे रथ? नाही. जू, दांडी, लगाम? नाही. मग रथ कुठाय? सगळे भाग एकत्र आले की त्या जुळणीला आपण रथ म्हणतो, त्यापलीकडं रथ नावाची वेगळी चीज नाही.

तसंच एखाद्याच्या 95 टक्क्यांना सोडवून बघा. वेगळी खोली म्हणजे 95 का? नाही. न जाणारी लाइट? नाही. लातूरची शिकवणी, तिची फी, मेसचा डबा, बापाची पगारी नोकरी, आईनं लहानपणी वाचून दाखवलेलं पुस्तक? नाही. पोराची स्वतःची मेहनत? तीही एकटी नाही. सगळं जुळलं तेव्हा 95 झाले. मेहनतीला मी कमी लेखत नाही, रथाला चाक लागतंच. पण नुसतं चाक घेऊन कुणी 'हा माझा रथ' म्हणू लागला तर नागसेन हसेल.

आमच्या 58 टक्क्यांनाही असंच सोडवा. त्यात कोयता आहे, मुकादमाची उचल आहे, एका मोबाइलवर तिघांचा अभ्यास आहे. त्यात चुलतीनं लाज वाटून घेण्यासारखं काहीच नाही.

बाबासाहेब 1907 साली मॅट्रिक झाले. 750 पैकी 282 गुण. टक्के काढा, 38 सुद्धा भरत नाहीत. आजच्या चाळणीत तो दाणा कुठल्या कुठं खाली पडला असता. पण सत्काराच्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्या पोराला आपण लिहिलेलं बुद्धचरित्र दिलं, पुढं सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीसाठी शब्द टाकला. 1913 साली तोच पोरगा न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोचला. गुणपत्रिकेपलीकडचं बघणारा एक माणूस मधे होता म्हणून पोचला.

आणि दुसऱ्यांदा बसायची ज्याला लाज वाटते त्यानं लंडनची गोष्ट वाचावी. मार्च 1923 मध्ये लंडन विद्यापीठाच्या परीक्षकांनी बाबासाहेबांचा रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध सुधारून आणायला सांगितला. पैसे संपले होते, ते मुंबईला परतले. प्रबंध पुन्हा लिहून पाठवला आणि त्याच वर्षी डी.एस्सी. झाले. दुसरा प्रयत्न हा काय डाग आहे? डाग असेल तर तो आपल्या सगळ्यांत मोठ्या विद्वानाच्या पदवीवर आहे, आणि तो डाग मला अभिमानानं मिरवावासा वाटतो.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्यापुरतं मिळालं. बसावं. मोजपट्टीवर थुंकायला माझा दोस्त सांगतो, पण ज्याला दारातून आत जायचंच नाही त्याला थुंकणं सोपं आहे. 1978 साली विद्यापीठाच्या नावासाठी आपल्या मराठवाड्यात वस्त्या जळाल्या, टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळेंनी जीव दिला. 14 जानेवारी 1994 ला नामविस्तार झाला. ज्या दाराच्या पाटीसाठी माणसं मेली, त्या दारातून, आणि तसल्या प्रत्येक दारातून, आत जाणं हा आपला हक्क आहे. तिकीट लागत असेल तर तिकीट काढू. पण तिकिटाला कुणी छातीवरचं पदक म्हणत नाही.

हे कळलं नाही तर आत गेल्यावर घोटाळा होतो. 2023 च्या जुलैत मुंबईच्या आयआयटीला विद्यार्थ्यांसाठी सूचना काढावी लागली की एकमेकांची जेईईतली रँक विचारू नका. का काढावी लागली? रँक विचारली की जात कळते म्हणून. गावात आडनाव विचारत, तिथं नंबर विचारतात. आकड्यानं आडनावाचं काम हाती घेतलं. ज्या पोरानं आकड्याला आपलं मोल मानलं, तो तिथं पहिल्याच प्रश्नाला खचतो. आणि ज्याचा आकडा मोठा निघतो, तो मागं राहिलेल्या आपल्याच भावाला म्हणतो, "तू मेहनत केली नाहीस." या दुसऱ्याची मला जास्त भीती वाटते. 18 मार्च 1956 ला आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या माणसांबद्दलचं दुःख बोलून दाखवलं, ते याच जातीच्या माणसाबद्दल होतं.

आता दुसरा प्रश्न, आणि खरा पेच इथंच आहे. कुणाच्या जिवावर?

चुलत्याच्या घरात पोराची बहीण आहे. यंदा दहावी पास झाली. घरात हिशेब निघाला. नवराबायको मिळून एक कोयता. पोरीला संग नेलं तर अर्धा कोयता वाढतो, मुकादम उचल जास्त देतो. त्या उचलीत पोराचं लातूरचं वर्ष बसतं. हिशेब चोख होता. त्यात कुणी दुष्ट नव्हतं. पोरगीसुद्धा म्हणाली, "दादा शिकंल तर शिकू द्या."

मित्रांनो, इथं आपण थांबायला पाहिजे. पोराची दुसरी संधी पोरीच्या पहिल्या संधीतून कापून काढायची. वेळ नसल्यामुळं गुण गेले अशी तक्रार आपण व्यवस्थेकडं करतो, आणि घरात तोच वेळ बहिणीच्या हातातून काढून घेतो. मग आपण आणि ती चाळणी, फरक काय? रथाला एक चाक कमी पडलं म्हणून शेजारच्या गाडीचं चाक काढायचं, आणि शेजारच्या गाडीत आपलीच बहीण.

कुणी म्हणेल, रमाईनं नाही का सोसलं? सोसलं. 1920 ते 1923 बाबासाहेब लंडनला होते तेव्हा परळच्या चाळीत रमाईनं जे दिवस काढले त्यांचा हिशेब कुणाला करता येणार नाही. त्या डी.एस्सी.च्या रथात शाहू महाराजांची मदत होती, एका पारशी मित्राचं कर्ज होतं, आणि रमाईची उपासमार होती. पण बाबासाहेबांनी ते ऋण नाकारलं नाही. रमाई 1935 साली गेल्या. 1940 च्या 'थॉट्स ऑन पाकिस्तान' या ग्रंथाच्या अर्पणपत्रिकेत त्यांनी आपल्या रामूचं नाव घातलं, तिच्या सोसण्याची नोंद केली. ज्याच्यासाठी सोसलं त्यानं हिशेब लिहून ठेवला. आणि ज्या काळात आपल्यामागं कुणीच नव्हतं त्या काळातली ती गोष्ट आहे. आज वस्तीत नोकरीतली माणसं आहेत, विहार आहे, आपण आहोत. आज पुन्हा एका बाईनंच सोसावं, असं म्हणणाऱ्यानं रमाईचं नाव घेऊ नये.

म्हणून माझं म्हणणं असं. दुसरी संधी हक्काची आहे, पण तिचा खर्च पहिल्या संधीवर टाकायचा नाही. आधी ज्याला एकदाही बसायला मिळालं नाही त्याला बसवायचं, मग ज्याला पुन्हा बसायचं आहे त्याला. वर्ष लागणार असेल तर ते वर्ष वस्तीनं मिळून द्यायचं. एका घरानं दिलं की ते बाईच्या अंगावर येतं. सगळ्यांनी दिलं की एकेकाच्या वाट्याला थोडे दिवस येतात.

आमच्याकडं एवढंच झालं. पोरीचा अकरावीचा प्रवेश आधी झाला, जळकोटलाच. विहाराच्या मागची खोली झाडून काढली, तिथं दोन बल्ब आणि एक टेबल. पोरगा तिथंच अभ्यास करतो, लातूरची खोली रद्द केली. मिलमधल्या आम्ही काही जणांनी महिन्याला एका दिवसाची हजेरी द्यायचं ठरवलं. आठवड्यातून दोनदा एक रिटायर मास्तर गणित घेतात. बदल्यात पोरगा रोज संध्याकाळी बहिणीला आणि वस्तीतल्या आठवी-नववीच्या पोरांना शिकवतो. ही अट आम्ही घातली आणि त्यानं ती लगेच मानली. त्याला 65 पडतील का, मला सांगता येत नाही. पडले तर ते त्याचे असतील आणि आमचेही असतील. नाही पडले तरी सात-आठ पोरांची बीजगणिताची भीती गेलेली असेल.

तुम्ही कार्यकर्ते आहात. मोर्चा, जयंती, व्याख्यानमाला हे सगळं करता, करायलाच पाहिजे. त्यात या पावसाळ्यात एक काम वाढवा. आपल्या वस्तीच्या दोन याद्या करा. एक, ज्यांना गुण वाढवायला पुन्हा बसायचं आहे त्यांची. दुसरी, ज्यांची शाळा यंदा सुटणार आहे त्यांची. दुसऱ्या यादीत पोरींची नावं जास्त निघतील. काम त्या यादीपासून सुरू करा. ऊसतोडीच्या गाड्या भरायच्या आत करा, कारण एकदा गाडी भरली की यादीला काही अर्थ राहत नाही.

जय भीम.